वृद्धाश्रमात आईबाबांना मानाने ठेवतात की नुसतं सांभाळतात? (गोव्यातले अनुभव लिहा)

अंत्रुजची लेक (रविवार, सकाळी ११:१०)

वृद्धाश्रमाची चौकशी करताना आपण साधारण तीनच गोष्टी विचारतो. महिन्याचे किती, डॉक्टर कधी येतो आणि खाट रिकामी आहे का. आत राहणाऱ्या माणसाला हाक कशी मारतात, अंघोळ घालताना दार लावतात की नाही, रात्री लघवीला जायचं असेल तर किती वेळ ताटकळावं लागतं, हे विचारायचं राहून जातं. माणसाचा मान राहतो की जातो तो याच ठिकाणी, म्हणून हा धागा काढतेय.

माझी आई पक्षाघातानंतर अशा एका आश्रमात आहे. उजवा हातपाय गेला, बोलणं अडखळतं, पण समज शाबूत आहे. आम्ही घरी केलं तेवढं केलं. मग वडीलही अंथरुणाला लागले आणि दोघांना उचलणं जमेना. आश्रम निवडताना जागा स्वच्छ बघितली, गच्चीवर वाळणारे कपडे बघितले, स्वयंपाकघर बघितलं. आजही सांगते, तिथे कोणी कुणाला मारत नाही, उपाशी ठेवत नाही.

तरी पहिल्यांदा भेटायला गेले तेव्हा आई मला बघून रडायला लागली. तिचे केस कापले होते. आयुष्यभर अंबाड्यावर अबोलीची फाती माळणारी बाई. "धुवायला सोपं पडतं, उवा होत नाहीत," असं उत्तर मिळालं. असेलही. पण तिला विचारलं कोणी? तिला मान हलवून हो-नाही सांगता येत होतं.

मग एकेक लक्षात येत गेलं. अंघोळ पहाटे साडेचारला, कारण रात्रपाळी सुटायच्या आत सगळ्यांच्या अंघोळी उरकायच्या असतात. अंगावर दुसऱ्याच कोणाचं नाव घातलेला गाऊन. चष्मा कपाटात, "फुटेल म्हणून". कवळी डबीत, "हरवेल म्हणून". म्हणजे तिला धड दिसत नव्हतं, चावता येत नव्हतं, आणि वहीत नोंद काय, तर "जेवत नाही, गप्प बसून असते".

मी मेट्रनशी बसून बोलले, आवाज न चढवता. अंघोळ आठ वाजता ठरली. चष्म्याला दोरी लावली. दिवसा गाऊन नको, साडीच हवी, हे मात्र सहज मान्य होईना. त्यांचंही खरं होतं, एका हाताने लुळ्या बाईला साडी नेसवायला दोन माणसं लागतात. शेवटी शिंप्याकडून कमरेला इलॅस्टिकची शिवलेली साडी आणि पुढून बटणांचे ब्लाऊज करून नेले. ते चाललं.

म्हणजे वाईट हेतू कुणाचाच नव्हता. सगळं तिच्यासाठीच चाललं होतं, फक्त तिला न विचारता. मला वाटतं चांगल्या आणि बऱ्या आश्रमातला फरक तिथेच आहे. २०११ च्या जनगणनेत देशात साठीपुढची माणसं ८.६ टक्के होती तेव्हा गोव्यात ११.२ टक्के होती. मुलं पुण्याला, आखातात, पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडला. हा विषय आपल्यापैकी बहुतेकांच्या दारात येणार आहे. ज्यांच्याकडे आलाय त्यांनी लिहा, चांगलंही लिहा. आश्रमांची नावं मात्र घेऊ नका, वाद नकोत.

पेडणेकर (रविवार, दुपारी १२:०२)

केस कापण्याचं वाचून वाईट वाटलं. आमच्या आतेचंही तसंच केलं होतं. आम्ही गप्प बसलो, कारण जास्त बोललो तर "घेऊन जा तुमच्या पेशंटला" म्हणतील अशी भीती होती. त्याहून मोठी भीती ही की आपली पाठ वळल्यावर राग तिच्यावर काढतील. ताई, तुम्हाला ही भीती वाटली नाही का?

अंत्रुजची लेक (रविवार, दुपारी १२:४०)

वाटली. म्हणून तक्रार न करता मागणी केली. "हे का केलं" असं न म्हणता "तिला हे असं आवडतं, कसं जमेल ते बघू या" म्हणाले. सगळीकडे चालेलच असं नाही. आणि आठवड्यातून एकदा ठरलेल्या वेळी न जाता कधी सकाळी, कधी संध्याकाळी जायला लागले. जिथे न कळवता गेलेलं खपत नाही तिथे माणूस ठेवू नये, इतकं ठामपणे म्हणेन.

निवृत्त सिस्टर (रविवार, दुपारी ३:१५)

मी नोकरीची बरीच वर्षं बांबोळीच्या सरकारी इस्पितळात वॉर्डात काढली. आश्रमातून इस्पितळात आलेली म्हातारी माणसं खूप बघितली. पाठ बघितली की आश्रम कळायचा. म्हणून नातेवाइकांना सांगते, भेटीला गेलात की फळं, बिस्किटं देऊन परत फिरू नका. पडदा लावून, आईला विचारून, तिची पाठ बघा. माकडहाड, खुबे, टाचा, घोटे आणि डोक्याची मागची बाजू. त्वचा लाल दिसली तर बोटाने दाबा. बोट काढल्यावरही लाली तशीच राहिली तर ती बेडसोरची, म्हणजे पडून राहून होणाऱ्या जखमेची, सुरुवात आहे. सावळ्या अंगावर लाली दिसत नाही, तिथे जांभळट छटा, कडकपणा किंवा आजूबाजूपेक्षा गरम लागणारी जागा शोधायची. अशा जागेवर चोळायचं नाही. आपल्याकडे आया प्रेमाने तेल लावून रगडतात, त्याने आतली इजा वाढते. गोल रिंगची उशीही नको.

अंथरुणाला खिळलेल्याला साधारण दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते, रात्रीसुद्धा. एअर बेड (मशीनने हवा भरत राहणारी गादी) असला तरी. एअर बेड आणून दिला की सुटलो असं समजणारे नातेवाईक आणि आश्रम दोन्ही बघितलेत. मशीन बंद पडलेलं असतं आणि कुणाच्या लक्षात येत नाही.

दुसरं, कॅथेटर. लघवी अडते म्हणून घातलेली नळी वेगळी आणि रात्री डायपर बदलायला माणूस नाही म्हणून घातलेली वेगळी. "ही नळी कशासाठी, कोणत्या डॉक्टरांनी सांगितली, कधी काढणार," हे तीन प्रश्न विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. नळी जितके दिवस राहील तितकी जंतुसंसर्गाची शक्यता वाढते.

तिसरं, पाणी. संध्याकाळी पाचनंतर पाणी देत नाहीत अशी ठिकाणं आहेत, म्हणजे रात्री डायपर कमी लागतात. म्हाताऱ्या माणसाला मुळातच तहान कमी लागते. मग लघवीचा संसर्ग, मग भ्रम, मग "म्हातारीला वेड लागलं" आणि मग झोपेची गोळी. ही साखळी एका पेल्यापासून सुरू होते. चालत्याफिरत्या माणसाला "डायपरमध्येच कर, नंतर बदलते" म्हणणं तर मी अपमानच मानते. ज्याला बाथरूमपर्यंत धरून नेलं तर जाता येतं, त्याला डायपर लावला की थोड्याच आठवड्यांत पायातलं बळही जातं.

भरवताना बघा. पाठ टेकवून सरळ बसवतात का, मागचा घास गिळला का बघून पुढचा देतात का, जेवणानंतर अर्धा तास बसवून ठेवतात का. उभ्याने, दोघांना एकाच वाटीतून, एकाच चमच्याने भरवताना मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

बार्देशी (रविवार, सायंकाळी ६:३०)

चांगलंही लिहा म्हटलंत म्हणून. माझे बाबा शेवटची काही वर्षं सिस्टर लोकांच्या (नन्सच्या) घरात होते. आम्ही हिंदू, बाबा कट्टर सोमवार पाळणारे, श्रावणात कांदासुद्धा नाही. पहिल्याच दिवशी मुख्य सिस्टरने वही काढली आणि माझ्याशी न बोलता थेट बाबांकडे वळून विचारलं, कोणते वार पाळता, चहा कधी घेता, रात्री दिवा लागतो का, कोणत्या कुशीवर झोपता. सोमवारी त्यांना वेगळं वरण-भात आणि भाजी. सकाळी दहाच्या सुमाराला पेज आणि खारातलं तोर (मिठात मुरवलेली कैरी), घरच्यासारखं. खाटेजवळ शांतादुर्गेचा छोटा फोटो आणि उदबत्ती. संध्याकाळी रोझरी (जपमाळेची प्रार्थना) चालायची तेव्हा बाबा आपणहून व्हरांड्यात बसायचे. बसा म्हणून कुणी सांगितलं नाही, उठा म्हणूनही नाही.

अडचण भाषेची होती. सांभाळणाऱ्या मुली झारखंड, ओडिशाकडच्या, हिंदी बोलणाऱ्या. बाबांना आजारपणात फक्त कोंकणी सुचायची. मग माझ्या बहिणीने भिंतीवर मोठ्या अक्षरांत शब्द लिहून लावले: उदक (पाणी), दुखता, हींव (थंडी), भूक, म्हाका उठय (मला उठव). शेजारी हिंदी अर्थ. मुली महिनाभरात शिकल्या. त्यांतली एक बाबा गेल्यावर गणेश चवथीला आमच्या घरी आली होती.

सत्तरीची सून (रविवार, रात्री ९:०५)

धागा चांगला आहे, पण एक गोष्ट गृहीत धरली जातेय ती मला पटत नाही. घरात मान असतो आणि आश्रमात तो जातो, असं नाही. माझ्या सासूबाई घरीच होत्या. मागच्या पडवीतली खाट, कारण पुढच्या खोलीत वास येतो. चवथीला नणंदा येऊन सूचना देऊन जायच्या. नवरा आईला हात लावायचा नाही, "बाईमाणसाचं मी कसं करू". सगळं माझ्यावर. मी नोकरी सोडली. माझी कंबर गेली. आणि खरं सांगते, थकल्यावर मी त्यांच्यावर ओरडायचे. त्या घरात ना त्यांचा मान राहिला ना माझा.

शेवटी आश्रमात ठेवलं तेव्हा वाड्यावर बोलणी झाली. पण तिथे त्यांना केरीची एक बाई भेटली, दोघी एकाच वर्षी लग्न होऊन आलेल्या. दिवसभर बोलायच्या. मागच्या पडवीत त्यांच्याशी बोलायला कोणी येत नव्हतं.

त्यामुळे "आईला आश्रमात टाकलं" हा शब्दप्रयोग कोणी करू नये एवढी विनंती. मुलगा टाकतो, सून टाकते, आणि ज्यांनी एकदाही कूस बदलून दिली नाही ते बोलतात.

निवृत्त सिस्टर (रविवार, रात्री ९:४०)

सत्तरीच्या सूनबाईंशी पूर्ण सहमत. २००८ मध्ये गोव्यातच झालेला एक अभ्यास आहे, मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या संगाथ संस्थेतल्या डॉक्टरांचा. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांना घरी सांभाळणाऱ्या ८१ कुटुंबांवर तो झाला. थोडं प्रशिक्षण दिलेले स्थानिक सल्लागार घरी जाऊन आजाराची माहिती, वागणूक कशी हाताळायची ते सांगायचे, सांभाळणाऱ्याचं ऐकून घ्यायचे. त्याने सांभाळणाऱ्यांचं मानसिक आरोग्य लक्षणीय सुधारलं. म्हणजे सुनेला, लेकीला आधार मिळाला तर घरही टिकतं. तो आधार गावोगाव पोचायला हवा होता.

ड्युटीवरची (सोमवार, पहाटे ५:५०)

मी अशाच एका घरात काम करते. बार्देशात. लिहायची सवय नाही, सांभाळून घ्या.

रात्री आम्ही दोघी, बावीस माणसं. त्यांतली आठ उठू न शकणारी. सिस्टर म्हणतात दोन तासांनी कूस. बरोबर आहे. एका माणसाची कूस बदलून, डायपर बघून, पुसून, चादर सरळ करायला दोघींना मिळून दहा मिनिटं. आठ माणसं म्हणजे ऐंशी मिनिटं. दोन तासांतली उरली चाळीस. त्यात बाकीच्या चौदांतलं कोणी बाथरूमला हाक मारतं, कोणी उठून दार उघडतं, कोणी रडतं. एकीला ताप आला तर दुसरी एकटी. पहाटे साडेचारला अंघोळी घालतो ते आम्हाला आवडतं म्हणून नाही. दिवसपाळीला पण माणसं कमीच. सात वाजता सगळे अंघोळ करून बसलेले दिसले पाहिजेत असं वरून सांगितलेलं असतं.

नातेवाईक येतात ते आमच्यावर ओरडतात. मालकाला विचारत नाहीत की रात्री माणसं किती ठेवता. ते विचारा. आमच्यासाठी पण होईल आणि तुमच्या आईसाठी पण.

अजून एक. माणूस आणून सोडता तेव्हा औषधांची पिशवी देता. त्याच्याबरोबर एक कागद द्या. आजी काय काम करायची, कोणत्या नावाने हाक मारलेली आवडते, कशाला घाबरते, कोणतं गाणं, चहात साखर किती. आमच्याकडे एक शाळेच्या बाई होत्या. सगळ्या "आजी, आजी" करायच्या आणि त्या हात झटकायच्या. एकदा त्यांची जुनी विद्यार्थिनी आली आणि "बाई" म्हणाली, तर ताठ बसल्या. तेव्हापासून आम्ही पण बाई म्हणतो. आता अंघोळीला त्रास देत नाहीत. आधी विचारते, "बाई, पाणी घालू?" मग घालते.

आणि माणूस समोर बसलेला असताना त्याच्या डोक्यावरून आम्हाला विचारू नका, "हिला शी झाली का". तिला लाज वाटते. तोंड फिरवते ते मी बघते.

ड्युटी संपली. जाते.

पेडणेकर (सोमवार, सकाळी ८:२०)

ड्युटीवरच्या ताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. हात जोडून आभार. आमच्या आतेच्या आश्रमात रात्री किती माणसं असतात हे आजच विचारतो.

दर्यावर्दी (सोमवार, सकाळी १०:३०)

मी बोटीवर असतो, आठ-नऊ महिने गोव्याबाहेर. आई वास्कोजवळच्या एका घरात. पैसे वेळेवर पाठवतो, दर रविवारी व्हिडिओ कॉल. कॉलवर आई नेहमी नीट विंचरलेली, हसरी. पण मागे एकदा सुट्टीवर न सांगता गेलो तर वेगळंच चित्र होतं, त्याबद्दल जास्त लिहीत नाही. लांब असणाऱ्यांनी कशी काळजी घ्यायची? सीसीटीव्ही मागावा का?

अंत्रुजची लेक (सोमवार, सकाळी ११:१५)

दर्यावर्दी, व्हरांड्यात, जेवणघरात, दारावर कॅमेरा ठीक. खाटेवर मात्र मला पटत नाही. तिथेच कपडे बदलतात, डायपर बदलतात, आणि आईला चोवीस तास कोणी बघत राहणार. आपली काळजी कमी व्हावी म्हणून तिचा आडोसा काढून घ्यायचा का? तिला विचारा. ती हो म्हणाली तर प्रश्न नाही.

कॅमेऱ्यापेक्षा जवळपासचा एक माणूस ठरवा. मावसभाऊ, शेजारीण, निवृत्त शिक्षक, कोणीही, ज्याच्यापाशी तुमच्या सहीचं पत्र असेल आणि जो मनात येईल तेव्हा जाऊन बसेल. हातात फोन न घेता बसेल.

मडगांवची (सोमवार, दुपारी २:००)

तातडीचं विचारतेय. बाबांना स्मृतिभ्रंश आहे, ७९ वय. चांगल्या म्हणवणाऱ्या आश्रमात आहेत. काल मनगटाला खाटेशी बँडेजपट्टीने बांधलेलं पाहिलं. म्हणाले, रात्री उठून फिरतात, पडतील, तुमच्याच भल्यासाठी. संध्याकाळ झाली की बाबा "म्हाका घरा व्हर" (मला घरी ने) म्हणून दाराशी जातात. गेल्या आठवड्यापासून जास्त झालंय. गोळीही वाढवली आहे. बांधणं कायद्याने चालतं का? आणि नाही बांधलं तर खरंच पडतील का?

निवृत्त सिस्टर (सोमवार, दुपारी २:२५)

मडगांवची, बांधल्याने पडणं थांबत नाही. माणूस सुटायला धडपडतो आणि कठड्यावरून जास्त उंचीवरून पडतो. वर मनगटाला जखमा, बेडसोर, भीती. त्याऐवजी खाट खाली आणायला सांगा, अगदी जमिनीलगत. खाली गादी, रात्री मंद दिवा, बाथरूमच्या दारावर ठळक खूण, पायात घट्ट बसणारी चप्पल.

आणि अचानक एका आठवड्यात वाढलं असेल तर आधी कारण शोधा. लघवीची तपासणी करा. पोट साफ होतंय का, कुठे दुखतंय का, कानात मळ आहे का, नवं औषध कोणतं सुरू झालं, हे सगळं बघायला हवं. सांगता न येणारा माणूस दुखणं असं चालून, ओरडून सांगतो. गोळीचं नाव बघून घ्या. शांत ठेवायच्या काही गोळ्यांनी, म्हणजे मनोविकारावरच्या अँटिसायकोटिक औषधांनी, स्मृतिभ्रंशाच्या वृद्धांत मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २००५ मध्येच दिलेला आहे. कधीकधी द्यावी लागतात, पण तपासणी करून, कमी डोसात, थोड्या काळासाठी. स्वतःच्या मनाने एकदम बंद मात्र करू नका, मनोविकारतज्ज्ञांना दाखवा.

दाराशी जाणाऱ्याला "घर नाही तुमचं आता" असं सांगून काही होत नाही. बरोबर चार पावलं चाला, घराबद्दल विचारा, परत येताना चहा द्या. संध्याकाळी त्यासाठी एक माणूस लागतो. तो नसतो म्हणून पट्टी येते.

वकील, पणजी (सोमवार, रात्री ८:१०)

कायद्याचं थोडं सविस्तर लिहितो, कारण बऱ्याच जणांना उपयोगी पडेल.

बांधणं: मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ मध्ये रुग्णाला बांधून ठेवण्यावर कडक बंधनं आहेत. तात्काळ धोका टाळायला दुसरा उपायच नसेल तेव्हाच, मनोविकारतज्ज्ञाच्या परवानगीने, आणि शिक्षा म्हणून किंवा माणसं कमी आहेत म्हणून कधीच नाही. त्याच कायद्यात सक्तीने केस काढायचे नाहीत, स्वतःचे कपडे घालू द्यायचे, गणवेशाची सक्ती करायची नाही, असंही स्पष्ट लिहिलेलं आहे. आता हा कायदा मानसिक आरोग्य संस्थांसाठी आहे, साध्या वृद्धाश्रमाला थेट लागू होत नाही. पण मनोरुग्णालयातल्या माणसाला जेवढा मान कायद्याने दिला, तेवढाही आश्रमातल्या आजीला का मिळू नये, हा प्रश्न मी प्रत्येक व्यवस्थापनापुढे ठेवतो. अंत्रुजच्या ताईंनी आईच्या केसांचा मुद्दा काढला तो म्हणूनच महत्त्वाचा.

वृद्धाश्रमांसाठी वेगळे दर्जाचे नियम: पालक आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह व कल्याणाचा कायदा २००७ चा. त्यात दुरुस्ती करणारं विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत आलं होतं, वृद्धाश्रमांची नोंदणी आणि किमान दर्जा त्यात होता. ते मंजूर झालं नाही, २०२४ मध्ये लोकसभेची मुदत संपली तसं तेही संपलं. त्यामुळे आज तुमचं मुख्य हत्यार म्हणजे आश्रमाशी केलेला लेखी करार. पावती म्हणजे करार नव्हे. रात्री किती माणसं, डॉक्टरची भेट, इस्पितळात न्यायचं तर कोण जाणार, बांधणार नाही आणि विचारल्याशिवाय झोपेचं औषध देणार नाही, अनामत परत कधी, काढून टाकायचं झालं तर किती मुदतीची सूचना, हे लिहून घ्या. राहणाऱ्या माणसाचीही सही घ्या, त्याला समजतं तोवर.

२००७ च्या कायद्यातलं बाकी: मुलांकडून, सज्ञान नातवंडांकडून निर्वाहखर्च मागता येतो. मूलबाळ नसेल तर मालमत्ता ज्याला मिळणार त्या नातेवाइकाकडून. कमाल १०,००० रुपये महिना, अर्ज उपजिल्हाधिकारी स्तरावरच्या न्यायाधिकरणाकडे. सोडून देणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि कलम २३: सांभाळण्याच्या अटीवर घर दिलं आणि सांभाळलं नाही तर ते हस्तांतरण रद्द करता येतं. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये अट असायलाच हवी असं धरलं, जानेवारी २०२५ च्या निकालात ज्येष्ठांच्या बाजूने उदार अर्थ लावला. तरी बक्षीसपत्रात अट शब्दांत लिहा, भरवशावर राहू नका.

आता खास गोव्याचं. इथे लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता समाईक, निम्मी निम्मी. म्हणजे आश्रमातल्या खाटेवरची ती आजी बहुतेक वेळा घराच्या अर्ध्या हिश्शाची मालकीण असते, आणि तिला ते कुणी सांगितलेलं नसतं. आश्रमात जाऊन कागदावर अंगठा घेतल्याची प्रकरणं माझ्याकडे आली आहेत. व्यवस्थापनाने अशा वेळी पाहुण्याला विचारलं पाहिजे की कागद कसला आहे, आणि आजीला एकटीला विचारलं पाहिजे की तुम्हाला सही करायची आहे का.

बार्देशी (सोमवार, रात्री ९:००)

वकीलसाहेब, ज्यांच्याकडे काहीच नाही त्यांचं काय? गोवा सरकारच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे महिना २,००० रुपये. त्यात कुठल्या आश्रमात राहणार?

वकील, पणजी (सोमवार, रात्री ९:२०)

त्यांच्यासाठी प्रोव्हेदोरियाची घरं आहेत, पोर्तुगीज काळापासूनची सरकारी संस्था, चिंबलचं घर अनेकांना ठाऊक असेल. शिवाय धर्मादाय घरं. २००७ च्या कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार ज्येष्ठांची सोय होईल असं घर सरकारने उभारावं असं म्हटलं आहे. पण शब्द "करू शकेल" अशा अर्थाचे आहेत, सक्तीचे नाहीत. माझ्या मते ही त्या कायद्यातली सगळ्यात दुबळी जागा. ज्याच्याकडे भांडायला मूल नाही, त्याच्या बाजूने रोज कोण जाऊन बघणार? पंचायतीने, ज्येष्ठ नागरिक मंडळांनी महिन्यातून एकदा अशा घरात जायला सुरुवात करावी. त्रास होत असेल तर ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६७ आहे, फुकट आहे.

सत्तरीची सून (सोमवार, रात्री ९:४५)

शेवटच्या आजारपणाबद्दलही कोणीतरी लिहा. सासूबाईंना शेवटी इस्पितळात नेलं, नळ्या घातल्या. त्या "नको" म्हणत होत्या, आम्हाला धीर झाला नाही.

वकील, पणजी (सोमवार, रात्री १०:०५)

त्यासाठी आगाऊ वैद्यकीय निर्देश, ज्याला लोक लिव्हिंग विल म्हणतात, म्हणजे शेवटी कोणते उपचार नकोत ते आधीच लिहून ठेवणं. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्य केलं, २०२३ मध्ये पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. गोव्यात २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे तेव्हाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतःचा निर्देश नोंदवून सुरुवात केली. माणूस शुद्धीत, समजदार असतानाच करायचं असतं. आश्रमात प्रवेश घेताना हा विषय काढायला लोक अशुभ मानतात. मला उलट वाटतं, तेव्हाच शांतपणे विचारावं, आणि एक प्रत आश्रमाच्या फाइलमध्ये असावी. नाहीतर रात्री दोन वाजता ड्युटीवरची मुलगी १०८ बोलावणार, तिच्यापुढे दुसरा मार्ग नसतो.

ड्युटीवरची (मंगळवार, पहाटे ६:१०)

खरं आहे. आम्हाला माहीतच नसतं कुणाला काय हवं.

मडगांवची (मंगळवार, सायंकाळी ७:३०)

सिस्टर, वकीलसाहेब, आज गेले होते. मेट्रनशी बोलले. लघवी तपासायला दिली, संसर्ग निघाला, औषध सुरू केलंय. खाट खाली आणायला तयार झाले, गादी मी नेऊन देणार. पट्टी दिवसा काढली. रात्रीचं मात्र "बघू" म्हणाले, लेखी द्यायला नाही म्हणतात. रात्री माणसं किती, तर एक. तीस जणांना एक.

निवृत्त सिस्टर (मंगळवार, सायंकाळी ७:५०)

तीस जणांना एक माणूस असेल तर तो पट्टी बांधणारच. त्याच्याशी भांडू नका, व्यवस्थापनाशी बोला. संसर्ग उतरेपर्यंत चार-पाच रात्री घरचं कोणी किंवा पगारी माणूस बाबांजवळ झोपू शकेल का ते विचारा. परवानगी द्यायला हरकत नसावी. डॉक्टरांकडून चिठ्ठी घ्या, "बांधू नये" एवढं स्पष्ट लिहून, आणि ती फाइलला लावा. गोळीचा डोस संसर्ग बरा झाल्यावर परत बघायला सांगा.

मडगांवची (मंगळवार, रात्री ८:१५)

भाऊ आजपासून झोपायला जातोय. चिठ्ठी उद्या घेते. सासष्टीत रात्री दोन किंवा जास्त माणसं ठेवणारं घर कोणाला माहीत असेल तर मला व्यक्तिगत निरोपातून कळवा. जागा नसली तरी चालेल, नाव लावून ठेवते.

पेडणेकर (मंगळवार, रात्री ८:४०)

निरोप पाठवलाय. त्या घरात आधी संध्याकाळी सहानंतर जाऊन या, ऑफिस बंद झाल्यावर. आमच्या आतेला आम्ही पुढच्या महिन्यात तिथेच हलवतोय. आतेला विचारलं, ती हो म्हणाली.